जिना कोणाचा?



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'सहमालकीच्या इमारती आणि अग्निसुरक्षा' असा छापलाय. लाल सिलिंडरची पिन कशी काढायची हे बघायला कुणी आलं असेल तर त्यांची थोडी निराशा होईल. ते शिकायलाच हवं, पण ते शिकवायला अग्निशमन दलाची माणसं आमच्यापेक्षा बरी. आम्ही बोलणार आहोत जिन्याबद्दल. आणि जिन्यासारख्याच दाराबाहेरच्या इतर जागांबद्दल, म्हणजे पॅसेज, डक्ट, पंपाची खोली, गच्चीचं दार.

आम्ही म्हणजे तिघं. एक वास्तुरचनाकार, एक इलेक्ट्रिकल कन्सल्टंट, आणि एक जण जो बारा वर्षं स्वतःच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. मांडणी तिघांनी मिळून केलीय, बोलायचं काम एकाकडे आलंय. गेली काही वर्षं आम्ही मुंबई-ठाणे-पुण्याकडे जिथे कुणी बोलावेल तिथे जाऊन इमारतींचे जिने बघतो. घरच्यांना हा छंद विचित्र वाटतो, आणि त्यांचं तसं चूक नाही.

पुस्तकाचं परीक्षण करताना आपण पुस्तक वाचतो. इमारतीचं परीक्षण करताना मात्र आपल्याकडे दर्शनी भागाचा फोटो बघतात. आम्ही ठरवलं की इमारतीबद्दल जे जे कागद लिहिले जातात ते आधी वाचायचे. पहिला कागद म्हणजे बिल्डरची माहितीपुस्तिका. तुमच्या घरात एखादी जुनी असेल तर आज काढून बघा. फ्लॅटच्या नकाशात सोफा काढलेला असतो, डायनिंग टेबलाभोवती सहा खुर्च्या असतात, बाल्कनीत कुंड्या असतात, डबल बेडवर दोन उशासुद्धा असतात. आणि त्या नकाशाच्या कोपऱ्यात राखाडी रंगाच्या पट्ट्यात सात-आठ आडव्या रेघा असतात. तो जिना. त्याची रुंदी लिहिलेली नसते. त्याला दार आहे का, ते कुठल्या बाजूला उघडतं, तो बाहेर कुठे निघतो, तळमजल्याच्या लॉबीत की थेट मोकळ्यावर, यातलं काही कळत नाही. उशा मात्र मोजता येतात.

आपणही विचारत नाही. आपण विचारतो, "लोडिंग किती?" हा शब्द नीट ऐका. लोडिंग म्हणजे ओझं. कार्पेट एरियावर जे चढवलं जातं ते, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी. रेरा आल्यापासून विक्री कार्पेट एरियावर करायची असं कायदा सांगतो, पण बोलण्यातून लोडिंग गेलेलं नाही. कमी लोडिंगची इमारत ती चांगली, असं आपण एकमेकांना सांगतो. ज्या जागेतून आपण आगीच्या वेळी बाहेर पडणार, ती जागा खरेदीच्या दिवशीच आपल्याला फुकटचा भुर्दंड वाटते. मुंबईत याची आणखी एक गंमत आहे. इथे जिना, लिफ्ट, लॉबी यांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्रात धरू नये म्हणून बिल्डर महापालिकेला प्रीमियम भरतो. 'जिना प्रीमियम' असंच त्याला म्हणतात. म्हणजे जिना मोजला जाऊ नये यासाठी पैसे दिले-घेतले जातात. रेफ्यूज एरियाचंही तसंच. ठरावीक टक्क्यांपर्यंत तो चटईक्षेत्राबाहेर, त्यापुढे गेला की हिशेबात. बिल्डर टक्क्याला टक्का लावून तेवढाच देणार, आणि ताबा मिळाल्यावर आपण तिथे पत्रे ठोकून वाढदिवसाचा हॉल करणार.

आता दुसरा कागद, कायद्याचा. महाराष्ट्रात सहमालकीचे दोन प्रकार आहेत. एक, सहकारी गृहनिर्माण सोसायटी, जी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुसरा, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली झालेलं कॉन्डोमिनियम. पुण्याकडे याचे बोर्ड बरेच दिसतात. शब्द लॅटिनमधून आलाय, अर्थ एकत्र मालकी. या कायद्यात प्रत्येकाच्या मालकीचा फ्लॅट, आणि त्यासोबत सामाईक जागांमध्ये अविभाज्य हिस्सा. सामाईक जागा कोणत्या, त्याची यादीच कायद्यात आहे: पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर, पॅसेज, लॉब्या, जिने, आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग, प्रवेशद्वारं. आम्ही ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिघंही जरा गप्प झालो. कारण इमारत उभी राहते ती ज्यांच्यावर, आणि माणूस जिवंत बाहेर पडतो तो ज्यांच्यातून, ते सगळंच्या सगळं या यादीत आहे. फ्लॅटच्या आत उरतं काय? टाइल्स, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग.

'अविभाज्य' या शब्दाबद्दल आमची तक्रार नाही. कायद्याला दुसरं काय म्हणता येणार? जिन्याची एकेक पायरी वाटून देता येत नाही. तक्रार आहे ती आपल्या वाचनाबद्दल. अविभाज्य म्हणजे सगळा जिना माझा, असं कुणी वाचत नाही. जिन्यातला एकशेविसावा भाग माझा, असं वाचलं जातं, आणि एकशेविसाव्या भागासाठी मेंटेनन्स भरला की संपलं. चपलांचं कपाट ठेवताना मात्र हाच माणूस अख्खा पॅसेज आपला समजतो. (हशा)

एक आडवळण घेतो. आमच्यातला एक जण गिरगावातल्या चाळीत वाढला. चाळीत सामाईक जागा म्हणजे गॅलरी. ती उघडी, बाजूने हवा खेळणारी. कुणाच्या खोलीत स्टोव्ह भडकला तर धूर गॅलरीतून बाहेर जायचा आणि बातमी सगळ्यांना एका मिनिटात कळायची. चाळी सुरक्षित होत्या असं आम्ही म्हणत नाही. लाकडी जिने, लाकडी तुळया, एकदा पेटलं की सगळंच गेलं. पण धुराच्या बाबतीत ती उघडी गॅलरी शहाणी होती. आपण लाकूड सोडून काँक्रीटकडे आलो, ते फार चांगलं झालं. त्याच वेळी उघडी गॅलरी सोडून बंद लॉबीकडे आलो, आणि बंद लॉबीचे नियम शिकलोच नाही.

ते नियम काय आहेत ते जरा सावकाश सांगायला हवं, कारण सगळा मुद्दा इथे आहे.

आपल्या इमारती काँक्रीटच्या सांगाड्याच्या, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतींच्या. एका फ्लॅटमध्ये आग लागली तर ती भिंतीतून शेजारी सहसा जात नाही, स्लॅबमधून वर जात नाही. भिंत बराच वेळ तग धरते. आग बाहेर पडते ती खिडकीतून आणि दारातून. धूर तर दार उघडं सापडलं की निघालाच. आगीत माणसं जळून मरतात असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा माणूस ज्वाळा बघायच्या आधी धुराने जातो. पूर्वी घरात लाकूड, कापूस, काथ्या असायचा. आता सोफ्यातला फोम, गाद्या, प्लॅस्टिकचे पॅनल, पीव्हीसीच्या वायरी. हे जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, फोममधून सायनाइडचा वायू निघतो. दोन-चार श्वासांत माणूस भांबावतो आणि ज्या दाराने आला ते दार त्याला सापडत नाही.

हा गरम धूर हलका, तो वर चढणार. उंच इमारतीतला बंद जिना म्हणजे वीस-तीस मजल्यांची उभी नळी. चुलीचं धुराडं जसं ओढ घेतं तसा तो ओढ घेतो. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग बघा, जिन्याच्या तोंडाशी आगीत दोन तास टिकणारं, आपोआप बंद होणारं दार सांगितलंय. म्हणून काही इमारतींत जिन्यात पंख्याने हवा भरायची सोय असते, आतला दाब जास्त राहावा आणि धूर आत शिरू नये. म्हणून विजेच्या आणि पाण्याच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर पाइप-वायरींभोवतीची भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवायची असतात. सगळी व्यवस्था एकाच कल्पनेवर उभी आहे: आग जिथे लागली तिथेच कोंडायची, आणि जिना स्वच्छ ठेवायचा.

आता ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी दिसते? जिन्याचं दार जड असतं. ज्येष्ठ नागरिकांना ढकलवत नाही, कचरा नेणारीच्या दोन्ही हातांत बादल्या असतात, लॉबीत हवा लागत नाही. मग कुणीतरी एक वीट आणून लावतं. आम्ही बघितलेल्या इमारतींत ही वीट इतक्यांदा दिसली की आम्ही तिला सोसायटीची मानद सदस्य म्हणतो. एका मजल्यावर दार उघडं राहिलं की पंख्याने भरलेली हवा तिथून निघून जाते आणि वरच्या सगळ्या मजल्यांचा जिना उघडा पडतो. वीट लावणाऱ्याचा काही वाईट हेतू नसतो. त्याला दार म्हणजे दार वाटतं. ते इमारतीच्या यंत्राचा भाग आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

डक्टचं तर विचारूच नका. बिल्डरने भोकं बुजवली असलीच, तरी दर दीड-दोन वर्षांनी नवी इंटरनेट कंपनी येते. तिचा मुलगा डक्ट उघडतो, हातोडी-छिन्नी घालून खाली-वर भोक करतो, वायर ओढतो आणि निघून जातो. आमच्या कन्सल्टंट मित्राने एका इमारतीत तेराव्या मजल्यावरून डक्टमध्ये टॉर्च मारला, तर तळमजल्यावरच्या वॉचमनने खालून हात केला. तेरा मजले, एकाही स्लॅबचा अडथळा नाही.

या भोकांची आणि उघड्या दारांची किंमत आपल्याला माहीत आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावात, पुनर्वसन योजनेतल्या एका इमारतीत आग लागली. लागली तळाला, पार्किंगमध्ये. तिथे कापडाचे गठ्ठे, भंगार ठेवलं होतं. पार्किंग म्हणजे पुन्हा सामाईक जागा. किमान सात माणसं गेली, चाळीसहून अधिक जखमी झाली. कुणाच्या स्वयंपाकघरात काही झालं नव्हतं, कुणी गॅस उघडा ठेवला नव्हता. आपापल्या घरात दारं लावून झोपलेली माणसं होती ती.

त्याआधी २२ ऑगस्ट २०१८, परळचा क्रिस्टल टॉवर. बाराव्या मजल्यावर आग, चार मृत्यू, आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं. वर्षानुवर्षं लोक राहत होते. त्या दिवशी एका दहा वर्षांच्या शाळकरी मुलीने शेजारच्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं. शाळेत शिकवलेलं तिच्या लक्षात राहिलं होतं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. मुलीचं कौतुक आहेच. पण त्या इमारतीचं परीक्षण लिहायचं तर काय लिहाल?

इथे कुणी म्हणेल की तुम्ही रहिवाशांवर घसरताय, बिल्डर आणि महापालिका सोडून देताय. रास्त आक्षेप आहे. ओसी नसलेल्या इमारतीत ताबा देणारा बिल्डर, आणि ते दिसत असून न बघणारी यंत्रणा, यांचा दोष मोठाच आहे, आणि त्यावर खटले, बातम्या, अग्रलेख होत असतात, व्हायलाच हवेत. आम्ही आज त्यापुढच्या काळाबद्दल बोलतोय. बिल्डर पाच-सात वर्षांत जातो. इमारत साठ वर्षं राहते. उरलेली पन्नासेक वर्षं त्या जिन्याचा बिल्डर आपण असतो.

आता तिसरा कागद, आणि इथे आम्हाला स्वतःबद्दल बोलावं लागेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. या कायद्याने जबाबदारी टाकलीय ती मालकावर किंवा भोगवटादारावर. अग्निशमन दलावर नाही. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं, की यंत्रणा चालू आणि सुस्थितीत आहे. हाच तो फॉर्म बी. कायदा म्हणून उत्तम आहे. वर्षातून एकदा नाही, दोनदा. आणि सरकारी इन्स्पेक्टरची वाट बघत बसायचं नाही, तुमचं तुम्ही बघा. समजा एखाद्या परीक्षेत विद्यार्थ्यानेच स्वतःचा परीक्षक नेमायचा आणि त्याची फी ठरवायची, तर ती परीक्षा कशी होईल, तसं मात्र या फॉर्मचं पुष्कळ ठिकाणी होतं. कमिटी तीन कोटेशनं मागवते, सगळ्यात कमी आकडा घेते. त्या आकड्यात माणूस येऊन सोळा मजले चढणं परवडत नाही हे उघड आहे.

आमच्यातल्या सेक्रेटरीच्या इमारतीत हेच झालं. उपनगरातली सोळा मजली इमारत. मे महिन्यात आठव्या मजल्याच्या डक्टमध्ये हायड्रंटचा पाइप गळायला लागला, एका सदस्याच्या बेडरूमची भिंत ओली झाली. नवीन रंग दिलेला, त्यामुळे तक्रार जोरात. प्लंबर म्हणाला, तात्पुरता व्हॉल्व्ह बंद करू. व्हॉल्व्ह बंद केला तरी पंप ऑटोवर असल्याने मध्येच सुरू व्हायचा, म्हणून पॅनलवरचा स्विच ऑफला नेला. पाइप बदलायचा खर्च आला एक लाख ऐंशी हजार. तो विषय सर्वसाधारण सभेत ठेवायचं ठरलं. त्याच सभेत लॉबीला मार्बल बसवायचा साडेसहा लाखांचा विषय होता. मार्बलवर पंचेचाळीस मिनिटं चर्चा झाली, रंगाच्या दोन छटांवर मतदान झालं. पाइपचा विषय आला तेव्हा साडेदहा वाजले होते, लोक वडे घेऊन उठले होते. "पुढच्या सभेत घेऊ." सूचक, अनुमोदक, मंजूर.

जुलैमध्ये फॉर्म बी आला. सगळ्या रकान्यांत 'सुस्थितीत'. सेक्रेटरीने शिक्का बघितला आणि पुढे पाठवला. तो आज इथेच पहिल्या रांगेत बसलाय आणि हे सांगायची परवानगी त्यानेच दिलीय. त्याचं म्हणणं असं की मी खोटं बोललो नाही, मी वाचलं नाही. आमच्यात यावर अजून वाद आहे.

ऑक्टोबरमध्ये पाचव्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये एसीच्या स्टॅबिलायझरने पेट घेतला. रात्री साडेअकराची वेळ. घरातले चौघं धावत बाहेर आले, आणि साहजिकच दार उघडं टाकून आले. लॉबी धुराने भरली. सातव्या, नवव्या आणि अकराव्या मजल्यावर जिन्याच्या दारांना विटा होत्या. अकराव्या मजल्यावरचं एक जोडपं, दोघंही सत्तरीच्या पुढचे, दार उघडून बाहेर आले, काळा धूर बघितला आणि परत आत गेले. काकूंनी ओले टॉवेल दाराच्या फटीला लावले आणि दोघं तासभर बाल्कनीत उभे राहिले. वॉचमन पंपाच्या खोलीत धावला. बटण दाबलं, काही नाही. स्विच ऑफला आहे हे त्याला माहीत नव्हतं, कारण मेमध्ये ड्युटीवर वेगळा वॉचमन होता. बंब आला, जवानांनी आपली होज जिन्यातून पाचव्या मजल्यापर्यंत चढवली आणि आग विझवली. कुणी गेलं नाही. एक फ्लॅट जळला, दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने ती फाइल काढून वाचली. 'पंप: सुस्थितीत.' पंप खरंच सुस्थितीत होता. बंद होता, एवढंच.

सभेत मार्बल जिंकतो आणि पाइप हरतो, हे काही आपल्याच लोकांचं वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत, फ्लोरिडात सर्फसाइड नावाचं गाव आहे. तिथे चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची बारा मजली इमारत होती, १९८१ ची, १३६ फ्लॅट्सची. कायद्याच्या भाषेत कॉन्डोमिनियम. प्रकरण आगीचं नाही, बांधकामाचं आहे, पण रोग हाच. २०१८ मध्ये एका अभियंत्याने अहवाल दिला, की स्विमिंग पूलच्या बाजूच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगला उतारच दिलेला नाही, पाणी साचतंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय. गच्ची गळते तेव्हा आपल्याकडे मिस्त्री हेच सांगतो, ढाळ नाहीये. अहवाल आला, सभा झाल्या, खर्चावरून भांडणं झाली, २०१९ मध्ये सात जणांच्या कमिटीतल्या पाच जणांनी राजीनामे दिले. काम लांबलं, इमारत आणखी बिघडली, खर्च दीड कोटी डॉलरवर गेला. २०२१ मध्ये अखेर वर्गणी मंजूर झाली, एकेका फ्लॅटला ऐंशी हजार डॉलरपासून तीन लाखांच्या वर. पहिला हप्ता १ जुलैला भरायचा होता. २४ जूनच्या मध्यरात्रीनंतर इमारत कोसळली. ९८ माणसं गेली.

ही घटना आम्ही पुष्कळदा सांगतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, एवढी वर्गणी कुठून आणणार माणूस? प्रश्न खरा आहे. पेन्शनवर जगणाऱ्याला ऐंशी हजार डॉलर आणि ऐंशी हजार रुपये, दोन्ही जडच. म्हणून तर सिंकिंग फंड. आपल्या आदर्श उपविधींत तो आहे: बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का. दुरुस्तीसाठी वेगळा पाऊण टक्का. तुमच्या फ्लॅटचा नुसता बांधकामाचा खर्च वीस लाख धरला तर सिंकिंग फंडाचे वर्षाला पाच हजार होतात, दुरुस्तीचे पंधरा हजार. किती सोसायट्या हे पूर्ण घेतात ते हात वर करून सांगू नका, शेजारी बसलेत. फ्लोरिडाने त्या घटनेनंतर २०२२ मध्ये कायदा बदलला. मुख्य ढाच्याच्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी मतदान करून टाळायची जी सोय सभासदांना होती, ती काढून घेतली. आपल्याकडे मतदानही करावं लागत नाही, पाइपचा विषय पुढच्या सभेवर ढकलला की झालं.

आणखी एका गोष्टीवर बोलायला हवं, कारण दरवेळी प्रश्न येतोच: आग लागली तर खाली धावायचं की घरातच थांबायचं? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं मेली. चोवीस मजले, एकच जिना. तिथल्या लोकांना 'घरातच थांबा' असा सल्ला होता, आणि काँक्रीटच्या इमारतीसाठी तो सल्ला मुळात वेडा नव्हता. आग एका घरात कोंडलेली राहील हे त्यामागचं गृहीत. पण नूतनीकरणात बाहेरून जे आवरण लावलं ते पेटणारं होतं. आग बाहेरून चढली, गृहीत मोडलं, आणि सल्ला मागे घ्यायला पावणेतीन वाजले. पहिला फोन एकच्या आधी गेला होता.

यातून आमच्यासाठी जे निघतं ते एवढंच. थांबायचं की उतरायचं, याचं उत्तर माणसाच्या धैर्यावर ठरत नाही, इमारतीच्या अवस्थेवर ठरतं. ज्या इमारतीत दारं लागतात, डक्ट बुजलेले आहेत, तिथे एक उत्तर. जिथे तेराव्या मजल्यावरून वॉचमन दिसतो तिथे दुसरं. तुमच्या इमारतीचं उत्तर कोणतं हे अग्निशमन दलाच्या माणसाला बोलावून, जिना दाखवून, आधी विचारून घ्यायला लागतं. मुंबईच्या दलाकडे नव्वद मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे म्हणून निर्धास्त राहणारे लोक भेटतात. त्यांनी रात्री अकरानंतर आपल्या कंपाउंडमधल्या दोन रांगांत लावलेल्या गाड्या बघाव्यात. शिडी उभी कुठे राहणार?

सेक्रेटरीच्या इमारतीत पुढे काय झालं, हे विचारणार आहात म्हणून सांगतो. पाइप बदलला, पंधरा दिवसांत. सभा न घेता, कमिटीने आपल्या अधिकारात. कुणी हरकत घेतली नाही. एजन्सी बदलली. आता फॉर्म बी येतो त्या दिवशी कमिटीतले दोघं एजन्सीच्या माणसाबरोबर गच्चीपासून खाली चालत येतात, पंप चालू करून गच्चीवरच्या हायड्रंटला पाणी येतंय का ते बघतात, आणि मग सही. याला दोन तास लागतात आणि एजन्सीने फी वाढवून मागितली, ती दिली. दारांना क्लोजर बसवले, वजन कमी लागेल असे. विटा गोळा करून खाली कुंड्यांना लावल्या. चार महिन्यांनी नवव्या मजल्यावर एक वीट परत आली. कुणी लावली ते कळलं नाही. सेक्रेटरी रोज संध्याकाळी ती काढून खाली आणतो आणि सकाळी ती पुन्हा वर असते. गेल्या महिन्यात त्याने नवव्या मजल्यावरच्या चारही घरांत जाऊन चहा घेतला आणि जिन्याचं ते दार का आहे हे चार वेळा समजावून सांगितलं. तीन घरांना पटलं. चौथ्या घरातल्या आजींनी सांगितलं, "अरे, दार लागलं की मला आत कोंडल्यासारखं होतं." त्यांना काय उत्तर द्यायचं यावर आम्ही अजून विचार करतोय. त्या दाराला काचेची, आगीत टिकणारी खिडकी बसवता येईल का, म्हणजे पलीकडचं दिसेल, अशी एक कल्पना आहे. कोटेशन मागवलंय.

आता प्रश्न घेऊ. माइक मधल्या रांगेत आहे. आणि मागे जी मंडळी दारात उभी आहेत त्यांनी कृपया आत भिंतीलगत यावं, तेवढं दार मोकळं सोडा.